बाय निजली बावखलात

वसुंधराताईंना घाबरलेलं मी पहिल्यांदा पाहिलं ते कारखान्याच्या जेवणाच्या सुट्टीत. डबा समोर उघडा, पोळीचा तुकडा बोटांत धरलेला आणि नजर फोनवर. मी दोनदा हाक मारली तरी त्यांना ऐकू गेली नाही. तिसऱ्यांदा मारली तेव्हा त्यांनी फोन माझ्याकडे सरकवला. पडद्यावर आमच्या बाजूच्याच एका सोसायटीच्या फाटकाचा फोटो होता. खाली एकच ओळ लिहिली होती, ‘इथेच राहता ना?’

"तुमची बिल्डिंग?" मी विचारलं.

त्यांनी मान हलवली. नंबर अनोळखी होता.

गोखिवऱ्याच्या ज्या कारखान्यात आम्ही दोघी कामाला आहोत, तिथे औषधाच्या बाटल्यांची झाकणं बनतात. आमचं काम तपासणीचं. दिव्याखाली झाकण फिरवायचं, कुठे तडा असेल, कडा नीट बसलेली नसेल तर बाजूला टाकायचं. माझ्या हातून कधीमधी एखादं खराब झाकण निसटतं. ताईंच्या हातून अकरा वर्षांत एकही निसटलेलं मला आठवत नाही. मला वाटतं, गाणीही त्या अशाच नजरेनं ऐकतात.

त्या मूळच्या कराडच्या. त्या शाळेत असताना थोरल्या भावानं पुण्याहून रॉक गाण्यांच्या इंग्रजी कॅसेट आणल्या. ताईंना इंग्रजी जेमतेम यायचं. पण एवढ्या गोंगाटात हा माणूस जिवाच्या आकांतानं ओरडून नेमकं सांगतोय तरी काय, हा प्रश्न त्यांना सोडेना. मग कॅसेट थांबवायची, मागे न्यायची, ऐकू येईल तसा शब्द लिहायचा आणि शब्दकोश उघडायचा. अशा चौदा वह्या त्यांनी भरल्या. लग्न होऊन वसईला आल्या तेव्हा त्या वह्या भांड्यांच्या पेटीतून आल्या. यजमान जयवंतराव नोकरीमुळे सुरतेला असतात, महिन्यातून एकदा येतात. मुलगी उन्नती कॉलेजात जायला लागली आणि तिनं आईला मोबाईलसमोर बसवलं. ‘गाणं काय म्हणतं’ असं चॅनलचं नाव ठेवलं.

ताई जेवताना मला त्यातलं काही काही सांगायच्या. एका गाण्यात म्हणे गायक सारखा म्हणतो की माझ्या घराला दार नाही. ऐकणारी मुलं खूश, त्यांना वाटलं हे स्वातंत्र्याचं गाणं. ताई म्हणाल्या, "अगं, दार नसलेल्या घरातून बाहेर कसं पडणार? तो माणूस दारू सोडायला बघतोय आणि त्याला सुटत नाहीये." मला त्यांचं सांगणं आवडायचं. ती गाणी मात्र कर्कश वाटायची, म्हणून चॅनल मी कधी उघडून बघितलं नाही. हे मी आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे झालं त्यात माझ्या या आळसाचाही वाटा आहे.

इकडच्या पोरांचे बँड त्यांना आपली गाणी पाठवायला लागले होते. त्यातला एक गिरीजचा. चार मुलं, नाव ‘रहाट’. गाणी लिहायचा तो जेन्सन, वय चोवीस. त्यांचं नवं गाणं आलं, ‘बावखल’. बावखल म्हणजे वसईच्या वाड्यांमधलं गोड्या पाण्याचं जुनं तळं. त्यावर रहाट असायचा आणि त्याच पाण्यावर केळी, भाजी व्हायची. आता बरीच बुजली. ताईंनी ते गाणं आठवडाभर ऐकलं आणि व्हिडिओ केला. त्या म्हणाल्या, हे पर्यावरणाचं गाणं नाही. या बावखलात एक बाई आहे. तिला कोणीतरी तिथे निजवलंय, वर माती ओढलीय, केळी लावलीय आणि घरातल्या पोराला सांगितलंय की विचारू नकोस. हे गाणं एका खुनाचं आहे.

एरवी त्यांचे व्हिडिओ दोन-तीन हजार लोक बघायचे. हा चार दिवसांत सहा लाखांवर गेला.

आधी त्यांना बरं वाटलं असणार. माणूसच आहे. मग खाली कोणीतरी लिहिलं की जेन्सनच्या आजोबांनी खरंच आपलं बावखल बुजवलंय, पन्नासेक वर्षांपूर्वी. दुसऱ्यानं लिहिलं की त्या काळात त्यांच्या वाडीत मजुरीला येणारी एक बाई एकाएकी यायची बंद झाली होती. हे लिहिणारा कोण, त्याला कोणी सांगितलं, कोणी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी त्या बाईला नाव मिळालं. तिसऱ्या दिवशी दोन मुलं मिळाली. नालासोपाऱ्यात एकानं तिच्यासाठी मेणबत्त्या लावल्या. आजोबांचं नाव ऑस्कर, वय एकोणऐंशी, हेही सगळीकडे फिरलं आणि घराचा फोटोही.

शुक्रवारी त्या घराच्या खिडकीवर दगड पडला. त्याच दिवशी दुपारी ताईंना जेन्सनचा फोन आला. आम्ही तेव्हा कारखान्याच्या मागच्या जिन्यावर उभ्या होतो. त्यांनी फोन कानापासून जरा लांब धरला, मलाही ऐकू यावं म्हणून.

"आंटी, व्हिडिओ काढा ना प्लीज."

"काढला रे सकाळीच. पण लोकांनी उतरवून घेतलाय, सगळीकडे टाकतायत. तू सांग ना त्यांना, गाण्याचा अर्थ काय ते. तू लिहिलंयस."



"मला नाही माहीत," तो म्हणाला. "त्या ओळी माझ्या नाहीतच. आजी अंगण झाडताना गुणगुणते. लहानपणी एकदा विचारलं होतं, तर पप्पांनी कानाखाली दिली होती. मी फक्त चाल लावली." मग आवाज एकदम खाली आणून म्हणाला, "आंटी, खरंच तसं काही असेल का?"

ताईंनी फोन ठेवला तेव्हा त्यांच्या वरच्या ओठावर घाम आला होता. मला म्हणाल्या, "दिपिका, मी चुकले असेन तर एका म्हाताऱ्या माणसाला मी दगडांपुढे उभं केलंय. आणि बरोबर असेन तर..."

शनिवारी संदेश फिरला, ‘उद्या अकरा वाजता, गिरीज, बावखल उघडूया.’ खाली फावड्याचं चित्र. उन्नतीनं पोलिसांना कळवलं, त्यांनी माणसं पाठवतो म्हणून सांगितलं. जेन्सनच्या घरातून कोणी बाहेर पडत नव्हतं आणि कामापुरतं सोडलं तर ताईंच्या घरातूनही. फाटकाचा तो फोटो आल्यापासून ताई उन्नतीला भाजी आणायलासुद्धा एकटी सोडत नव्हत्या. दाराची बेल वाजली की आधी दोघी एकमेकींकडे बघायच्या. सोसायटीच्या मीटिंगमध्ये एक जण म्हणाला होता की असल्या भानगडी बिल्डिंगला नकोत.

रविवारी सकाळी साडेनऊला त्यांचा फोन आला. "मी गिरीजला चाललेय. येशील? तू इकडची आहेस."

खरं म्हणजे मी खाडीकडच्या शेतकऱ्यांतली आणि गिरीजची ती माणसं वाडीवाली, ख्रिस्ती. त्यांची घरातली बोली वेगळी, आमची वेगळी. पण नाही म्हणवेना. मीही घाबरले होते. निघताना आईला फक्त एवढंच सांगितलं की ताईंकडे जातेय.

रिक्षात त्या गप्प होत्या. पर्स दोन्ही हातांनी धरून बसल्या होत्या. पूल उतरल्यावर मी म्हटलं, "ताई, मी ते गाणं ऐकलेलंच नाही. काय आहे त्यात?"

त्यांनी चाल न लावता, नुसत्या बातमी वाचावी तशा ओळी म्हटल्या.

‘बाय निजली बावखलात,
आजानं माती ओढली वर,
केळीच्या पानात कोन बोलतं,
विचारू नको, चल घर.’

"परत म्हणा," मी म्हटलं. त्यांनी परत म्हटल्या.

"यात बाई कुठाय?"

"पहिलाच शब्द. बाय. म्हणजे बाई. आमच्याकडे गड्याची बाय, पाटलाची बाय असंच म्हणतात."

"ताई, माझा बाप मला बाय म्हणतो. अजून म्हणतो. इकडे लहान मुलीला बाय म्हणतात, लाडानं."

रिक्षा एका गतिरोधकावरून गेली. ताईंचं डोकं वरच्या दांडीला लागलं, पण त्यांना ते कळलंही नसावं. त्या माझ्याकडे बघत होत्या.

"लहान मुलगी?"

"आमच्यात तरी. आणि या पट्ट्यात सगळीकडेच, मला वाटतं."

मग म्हणाल्या, "म्हणजे तिथे मूल आहे." त्यांनी पर्स छातीशी ओढली. मलाही बरं वाटलं नव्हतं. बाईच्या जागी मूल आलं म्हणून भीती कमी कशी होईल? मी मनातल्या मनात स्वतःला शिव्या देत होते. पंधरा दिवसांपूर्वी एकदा फोन उघडून ऐकलं असतं तर एका मिनिटाचं काम होतं.

आम्ही पोचलो तेव्हा दहा-सव्वादहा झाले असतील. गल्लीत चाळीसेक माणसं आधीच होती. बहुतेक तरुण, बाहेरची. काहींनी फोन काठीवर लावले होते. तीन जणांच्या हातात फावडी होती. शेजारच्या ओट्यावर दोन म्हाताऱ्या बायका उभ्या होत्या. त्या काहीतरी समजावून सांगत होत्या आणि एक पोरगा त्यांना म्हणत होता, "तुम्ही गाववाले एकमेकांना झाकणारच." ताईंनी ओढणी तोंडावरून घेतली. आम्ही माणसांच्या मधून वाट काढत होतो तेव्हा कोणाचं तरी कोपर मला लागलं आणि मी दचकून जवळजवळ किंचाळले. जेन्सन मागच्या दाराशी होता. त्यानं आम्हाला आत घेतलं.

आत अंधारल्यासारखं होतं. फुटलेल्या खिडकीला पुठ्ठा लावलेला. ऑस्कर खुर्चीत, भिंतीकडे तोंड करून बसले होते. अंगावर इस्त्रीचा पांढरा शर्ट. ते चर्चमध्ये मिस्साला जायला तयार झाले होते आणि जाता आलं नव्हतं. त्यांची बायको क्लेमेंटीन पलंगाच्या कडेला बसली होती, हातात रोजरीची माळ. बाहेर कोणी हसलं की तिची बोटं मण्यावर थांबायची.

"तुम्ही कोण?" तिनं विचारलं.

"वसुंधरा," ताई म्हणाल्या. "ते व्हिडिओत बोलले ती मीच."

जेन्सननं आम्ही कोण ते घरात सांगितलेलं नव्हतं. तो मान खाली घालून उभा राहिला. मला वाटलं, आता आम्हाला हाकलतील आणि तसं केलं तर बरंच होईल. ऑस्कर भिंतीकडे बघतच त्यांच्या बोलीत काहीतरी म्हणाले. मला त्यातला एकही शब्द नीट लागला नाही, ताईंना तर मुळीच नाही.

"काय म्हणाले?" ताईंनी विचारलं. आवाज इतका बारीक की मलाच पुन्हा विचारावं लागलं.

"म्हणाले, तिला बसायला द्या," क्लेमेंटीन म्हणाली.

ताई बसल्या नाहीत. हात जोडून उभ्याच राहिल्या. म्हणाल्या, "मला इथला शब्द कळला नाही आणि मी न विचारता बोलले. बाय म्हणजे बाई समजले मी. आत्ता येताना हिनं सांगितलं."

क्लेमेंटीननं जेन्सनकडे बघितलं. "आणि तू? तू आजा का म्हटलंस?"

"तू बापानं म्हणायचीस," जेन्सन पुटपुटला. "मी आजा केलं. माझे ते आजाच ना."

बापानं माती ओढली वर. ताईंनी ती ओळ ओठांतल्या ओठांत म्हटली आणि खाली जमिनीवरच बसल्या. त्यांना कळलं होतं. मलाही.

मग क्लेमेंटीन बोलली. आमच्याशी साधं मराठी बोलत होती, सावकाश. मुलीचं नाव सुझान. चार वर्षांची. जेन्सनच्या वडिलांच्या आधीची, त्यांनीही तिला पाहिलेलं नाही. ईस्टरच्या आदल्या शनिवारी क्लेमेंटीन चर्चमध्ये फुलं लावायला गेली होती आणि पोरीकडे लक्ष ठेवायला ऑस्करला सांगून गेली होती. रहाटाचं एक मडकं सुटलं होतं, ते बांधायला ऑस्कर वळले. तेवढ्यातच. तिला चर्चच्या दफनभूमीत ठेवली. आणि त्यानंतर पावसाळा लागेपर्यंत रोज, एकट्या माणसानं बैलगाडीनं माती आणून ते बावखल बुजवलं. कोणाला हात लावू दिला नाही. भावाला नाही, गड्याला नाही. शेवटची गाडी रिकामी केल्यावर त्यावर केळी लावली आणि तिचं नाव घरात परत घेतलं नाही.

"गावाला सगळं ठाऊक आहे," ती म्हणाली. "आमच्यासमोर कोणी काढत नाही."

बाहेर शिट्टी वाजली. अकरा वाजत आले होते. ऑस्कर पहिल्यांदा आमच्याकडे वळले. डोळे लाल होते. या वेळी मराठीत बोलले.

"खोदू देऊ नका. ती तिथं नाय. फक्त माती आहे. पन ती माती मी टाकलीय."

ताईंनी क्लेमेंटीनचे पाय धरल्यासारखे केले. "मी बाहेर जाऊन सांगते. पण मग हे सगळ्यांना कळेल. तुम्ही नको म्हणालात तर मी नाही सांगणार, दारात उभी राहीन नुसती."

क्लेमेंटीननं नवऱ्याकडे बघितलं. ते पुन्हा भिंतीकडे वळले होते.

"मुलगी होती एवढं सांगा," ती म्हणाली. "नाव नको."

उंबऱ्यावर ताईंनी माझा दंड इतका घट्ट धरला की तिथे दोन दिवस निळं राहिलं. दार उघडलं आणि सगळे फोन आमच्याकडे वळले. "अरे, ही तर तीच व्हिडिओवाली." कोणीतरी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, ताई पहिलं फावडं मारायला आल्यात.

"मी चूक सांगितलं," ताई म्हणाल्या.

पहिल्यांदा ऐकूच गेलं नाही. त्यांनी परत सांगितलं. मग चॅनलवर सांगायच्या तसा एकेक शब्द घेतला, फक्त आवाज फाटत होता. बाय म्हणजे बाई नाही, इथे लेकीला बाय म्हणतात. आजा नाही, मूळ शब्द बाप आहे. एक लहान मुलगी पाण्यात बुडाली आणि बापानं दुःखानं पाणीच बुजवलं. खून नाही. मजुरीवाली बाई कोणी नव्हती, निदान या गाण्यात तरी नव्हती. मी सांगितलं म्हणून तुम्ही आलात, आता मीच सांगतेय, जा.

ओट्यावरच्या म्हाताऱ्या ओरडल्या, "तेच तर सांगत होतो कवाचे." काही जण मागे सरकले. एका मुलीनं फोन खाली घेतला. पण काळ्या शर्टातला एक जण पुढे आला आणि ताईंच्या तोंडाजवळ तोंड आणून म्हणाला, "तेव्हा खून, आता अपघात. आत कोणी दम दिला का?"

"नाही."

"मग खोदायला काय हरकत आहे? काही नसेल तर दिसेलच ना."

त्याच्या बोलण्यात वरवर बघितलं तर चूक काहीच नव्हती, म्हणून जास्त भीती वाटली. तो बाजूनं वाडीत शिरला, त्याच्यामागे पाच-सहा जण. जेन्सन धावला, त्याला दोघांनी धरून ठेवलं. केळीचं एक बेट त्यांनी आडवं केलं आणि खणायला लागले. ओल्या मातीत फावडं शिरण्याचा आवाज घरात ऐकू जात असणार. ताई दारात हात आडवे करून उभ्या होत्या, कोणी घरात शिरू नये म्हणून. डोळे गच्च मिटलेले. मी त्यांच्या मागे होते. माझ्या मागे खुर्चीचा कुरकुर आवाज येत होता. वळून बघायचं धाडस मला झालं नाही.

दहा मिनिटांनी पोलिसांची गाडी आली. काळ्या शर्टवाल्याला आणि आणखी दोघांना घेऊन गेले, बाकीच्यांना पांगवलं. बाराच्या आत गल्ली रिकामी झाली. वाडीत गुडघाभर खड्डा पडला होता. तळाशी पाणी झिरपायला लागलं होतं. दुसरं काही नव्हतं. जेन्सननं आणि मी मिळून तो बुजवला. ताई पलीकडे उभ्या राहून आडव्या केळीची पानं उगाच सरळ करत होत्या.

ऑस्कर त्यानंतर तीन आठवडे अंथरुणाला खिळून होते. डॉक्टर म्हणाले छाती ठीक आहे, धक्का बसलाय. ताई दर रविवारी जायच्या. सुरुवातीला क्लेमेंटीन त्यांना बाहेरच्या बाकावर बसवायची आणि आत निघून जायची. ताई अर्धा तास बसून परत यायच्या. पाचव्या रविवारी चहा आला.

ताईंनी चुकीची कबुली देणारा व्हिडिओ केला. तो अकरा हजार लोकांनी बघितला. पहिला अजून कुठे ना कुठे फिरतोय. फाटकाचा फोटो पाठवणारा कोण ते कळलं नाही. ताई अजून जिना उतरताना आधी खाली वाकून बघतात. चॅनल बंद आहे. मुलं विचारतात, तेव्हा म्हणतात, बघू. मी एकदा म्हटलं, "इंग्रजी गाण्यांचं तरी सांगा, तिथे कोण दुखावतंय?" तर म्हणाल्या, "तिथेही कोणाची तरी बोली असेल ना गं. मी तीस वर्षं शब्दकोशावर विसंबून किती जणांच्या तोंडी काय काय घातलं असेल." आणि पुढचं झाकण दिव्याखाली धरलं.

दोन नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, क्लेमेंटीननं आम्हा दोघींना बोलावलं. दफनभूमीत सगळीकडे फुलं आणि मेणबत्त्या, माणसांची दाटी. छोट्या थडग्यावर नुसता क्रॉस होता. क्लेमेंटीननं झेंडूच्या पाकळ्या पसरल्या. ऑस्कर दरवर्षी फाटकाबाहेर थांबतात, असं जेन्सननं सांगितलं. याही वर्षी थांबले होते, काठीवर दोन्ही हात ठेवून. प्रार्थना चालू असताना ताईंनी माझा हात दाबला. मी वळले. ते फाटकातून आत आले होते, तीन-चार पावलं, आणि तिथेच उभे होते. ओठ हलत होते. काय म्हणत होते ते एवढ्या लांबून मला कळलं नाही. ताईंना मी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही.